कळ, कळ्ळ, कळी

जयनगरच्या बाजारात आज सकाळी एका माणसानं पोत्याची दोन टोकं धरून झटका दिला आणि अवरेकाईचा ढीग सरसरत फूटपाथवर पसरला. शेंगांवर अजून दव होतं. "अक्का, सोगडु नोडि!" तो म्हणाला, म्हणजे सोगडु बघा. सोगडु म्हणजे अवरेच्या शेंगांचा तो खास वास. कुणाला तो तुपासारखा वाटतो, कुणाला ओल्या गोणपाटासारखा. थंडी जितकी बोचरी, तितका तो दाट. सालीवरचा चिकटपणा एकदा बोटांना लागला की दिवसभर साबण लावा, लिंबू चोळा, वास हलत नाही.

महाराष्ट्रातून कुणी पाहुणे आले की मी "हा आमच्याकडचा पावटा" असं सांगते आणि सांगून झाल्यावर जीभ चावते. पावटा ही भाजी झाली. अवरेकाई हा बंगळुरातला अख्खा मोसम आहे. डिसेंबर उजाडला की उप्पिटात अवरे, भातात अवरे, आमटीत अवरे, आणि शेजारीण भेटली की बोलण्यातही अवरे.

दोन किलो निवडून घेतल्या. माझी भाची कळी चारच दिवसांपूर्वी बाळाला घेऊन घरी आली आहे. काल फोनवर म्हणाली, "आत्या, तुझ्या हातची हितकिद बेळे कर ना." दाणे भिजवायचे, चिमटीत दाबून साल उडवायची आणि आतल्या पिवळ्या डाळीची आमटी करायची, ती हितकिद बेळे. मी म्हटलं, "बाळंतिणीला अवरे? वातूळ असतात." तर म्हणाली, "खात नाही गं, नुसता वास घेते. माझा जन्मच त्या वासातला आहे."

ते मात्र खरं आहे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.कॉम., सेकंड क्लास. हे मी कुठंही एकदा सांगितल्याशिवाय राहत नाही, तेव्हा इथं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं अडथळा नको. अप्पा ब्लाऊज शिवायचे. बाजारामागच्या बोळात त्यांचं एवढंसं दुकान होतं. माझं सर्टिफिकेट त्यांनी काचेत बसवून मशीनच्या वर टांगलं होतं. एखादी बाई मापासाठी हात पसरून उभी राहिली की अप्पा तोंडातल्या टाचण्या न काढता भिंतीकडं मान उडवून म्हणायचे, "म्हुलगी. भी.खॉम." बाईला काही कळायचं नाही, पण हात पसरलेले असल्यामुळं तिला पळताही यायचं नाही.

पोरगी आता बँकेत लागणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. बँकांनी तसं काही धरलं नव्हतं. वर्षभर अर्ज केल्यावर मला नोकरी मिळाली ती एका हेरिगे मनेत, म्हणजे बाळंतघरात. दवाखाना नव्हे. जयनगरची सरळ रस्त्यांची वस्ती संपून जिथं दगडी खांबांची कुंपणं आणि मागं झोपड्या सुरू व्हायच्या, तिथं लाल कौलांचं एक भाड्याचं घर होतं. तीन सुइणी ते चालवायच्या. शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या सुइणी. मला नावं लिहायची, कार्डं भरायची, येणाऱ्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं, असं काम होतं.

अप्पांनी ऐकलं आणि मशीनचं चाक हातानं थांबवलं. "शिंप्याच्या घरी सुई कमी होती म्हणून सुईण आणलीस?" एवढं बोलून त्यांनी चाक पुन्हा फिरवलं. त्यांची हरकत तेवढीच. आईची वेगळी होती. बाळंतघर म्हणजे सोयर, विटाळ. रोज संध्याकाळी मी वठारात शिरले की आई दारात तांब्या घेऊन उभी असायची. वठार म्हणजे समोरासमोर आठ घरं, मध्ये अंगण, अंगणात एक नळ. त्या नळापाशीच मला थांबवून आई डोक्यावरून पाणी ओतायची. डिसेंबरातलं पाणी! मी कुडकुडत ओरडायची, "अगं, मी नुसती लिहिते तिथं!" आई म्हणायची, "सरी, सरी, बरं बरं. लिहिणारीलाही लागतं."

गंमत अशी की बाळंतघरात नेमकं उलटं होतं. तिथल्या मोठ्या सुईण शांतम्मा. तीस वर्षं सरकारी नोकरीत देवनहळ्ळीकडच्या खेड्यांतून सायकलवर फिरून बाळंतपणं केलेली बाई. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. बाळंतघराच्या पायरीलाच नळ होता आणि त्या नळाला डावलून आत जायची कुणाची छाती नव्हती. "कै तोळकोळ्ळि," त्या म्हणायच्या. हात धुवा. कोपरापर्यंत. मग शाळेतल्या बाईसारखी नखं तपासायच्या. नवरा असो, सासू असो, पांढऱ्या कोटातले म्हातारे डॉक्टर असोत. म्हणजे माझं असं झालं होतं की मला सकाळी आत जाण्यासाठी धुवायचे आणि संध्याकाळी बाहेर आले म्हणून धुवायचे. त्या मोसमात अख्ख्या बंगळुरात माझ्याइतकी स्वच्छ बी.कॉम. दुसरी नसेल.

बायका यायच्या त्या कुठून कुठून. रायचूर-गुलबर्ग्याकडच्या, डोक्यावर विटा वाहणाऱ्या. फुलं ओवणाऱ्या तमिळ बायका. गारमेंटच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवणाऱ्या पोरी. घरात बसून उदबत्त्या वळणाऱ्या, ज्यांच्या हातांवरून पायरीच्या नळाचं पाणी काळं होऊन वाहायचं आणि मागं चंदनाचा वास राहायचा. त्यांच्यातल्या बऱ्याचजणींनी आधीचं मूल झोपडीत, हाताला लागेल त्या ब्लेडनं नाळ कापून जन्माला घातलं होतं. काहींची ती मुलं होती. काहींची नव्हती. कार्ड भरताना मी विचारायची, "मुलं किती?" आणि त्या म्हणायच्या, "झालेली चार, असलेली दोन." हे उत्तर द्यायला त्यांना विचार करावा लागायचा नाही. मला ते लिहायला मात्र पेन जड व्हायचं.

पहिल्याच आठवड्यात मी माझी पदवी दाखवली. घरी गेल्यावर बाळाची काळजी कशी घ्यायची याची कन्नडमध्ये सुंदर अक्षरात कार्डं लिहून काढली, कडेला वेलबुट्टी. शांतम्मांनी कार्ड उलटसुलट केलं. "छान. आता हे वाचणारी बाई शोधून आण." मग चित्रं काढायला बसले. बी.कॉम.ला चित्रकला नव्हती. माझं साबणाचं चित्र पाहून रायचूरची एक बाई पोट धरून हसली. "अक्का, वीट घेऊन हात घासायचे? तसे तर रोजच घासतो की!" तिच्या त्या हसण्यानं व्हरांडा असा उठला की आतली बाळंतीणही हसली. शांतम्मा म्हणाल्या, "राहू दे तेच चित्र. विसरणार नाहीत."

शांतम्मांची पद्धत अशी की त्या फारसं काही करताना दिसायच्याच नाहीत. कळा येणाऱ्या बाईला झोपवून ठेवायचं नाही. ती चालेल, उकिडवी बसेल, खिडकीचे गज धरून डोलेल. तिच्या आईला, बहिणीला आत घ्यायचं, हात तपासून. लाकडाचं लहानसं नळकांडं पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचे, आणि मग तेच नळकांडं आजूबाजूच्यांच्या कानाला लावू द्यायचं. मात्र कुठं काही वावगं दिसलं की त्यांचा बेताचा आवाजही बंद व्हायचा आणि दारातली मेटाडोर सुरू व्हायची. ड्रायव्हर चहाचा ग्लास अर्धा टाकून उठायचा. एका बाईला झटके आले तेव्हा शांतम्मा स्वतः तिचं डोकं मांडीवर घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. आठ दिवसांनी ती बाई पोराला घेऊन पायरीवर उभी. आत यायला सांगितलं तर म्हणते, "थांबा, हात धुते." शांतम्मांना मी डोळे पुसताना पाहिलं ते तेवढंच. कुणाला ठेवायचं आणि कुणाला वेळेवर धाडायचं हे ओळखता येणं म्हणजेच सुईणपण, असं त्या शिकायला आलेल्या नव्या पोरींना सांगायच्या.

आणि त्याच मोसमात माझ्या वहिनीचे दिवस भरत आले होते.

वहिनी साताऱ्याकडची. दादा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात शिफ्टला. तिला येऊन दोन वर्षं झाली तरी कन्नड तिच्या जिभेवर बसत नव्हतं. स्वल्प म्हणजे थोडं, साकु म्हणजे पुरे, एवढ्या दोन शब्दांवर ती अख्खा भाजीबाजार करायची. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं होतं. थंडीचेच दिवस. मुलगा. जन्मल्या जन्मल्या त्याला न्हाऊ घातलं, दुसऱ्या खोलीत निजवलं, आईचा चीक पिळून टाकला, कारण सगळीकडं तसंच करतात. तिसऱ्या दिवशी बाळ गार पडलं. कुणाचा दोष म्हणावा? सगळी मायेचीच माणसं होती.  अंगणात कुणाचं तान्हं रडलं की वहिनीचा हात आपोआप पदराकडं जायचा.

दुसरं बाळंतपण सासरी. आईच्या मनात लिफ्ट असलेलं मोठं नर्सिंग होम होतं. "गरिबांच्या जागी आपली सून? तिकडं कौलं आहेत गं नुसती!" मी वाद घालायची आणि आई वाद न घालता तांब्या उचलायची. शेवटी एके दिवशी वहिनीच माझा डबा घेऊन बाळंतघरात आली. शांतम्मांनी तिला बसवलं, पोटावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये पोटाशीच काहीबाही बोलल्या. नळकांडं लावून तिला ठोके ऐकवले. वहिनी माझ्याबरोबरच घरी आली. नळापाशी मला म्हणाली, "वन्सं, त्या बाई काय बोलल्या ते मला एक अक्षर कळलं नाही. पण त्या माझ्याशी बोलल्या. मागच्या वेळी समदी माझ्यावरनं बोलत होती. मी हितंच जाणार."

मग आईला वहिनीबरोबर तपासणीला येणं भागच होतं. ती आली ती नाकाला पदर लावून. पायरीवर शांतम्मा म्हणाल्या, "कै तोळकोळ्ळि."

माझ्या आईला! जी मला रोज धुते तिला! आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी कार्डांत डोकं घातलं. तिनं हात धुतले. शांतम्मांनी नखं पाहिली. "पुन्हा." तिसऱ्या खेपेला आई पास झाली.

व्हरांड्यात बायका उन्हाला बसून अवरे हितकत होत्या. दिवस भरलेल्या बायकांना शांतम्मा असंच काहीतरी काम देऊन उकिडवं बसवायच्या. एक कोवळी पोर दाणे जोर लावून चिमटत होती आणि डाळ फुटून चिखल होत होता. आईला ते बघवेना. अन्नाची नासाडी तिला विटाळापेक्षा वाईट वाटते. ती फतकल मारून बसलीच. "अगं, ओढू नको, दाबू नको. भिजली नाहीये ती अजून. नीट भिजली की नुसतं बोट लावलं तरी आपण होऊन बाहेर येते. घाई केलीस की फुटते."

शांतम्मा दारात थांबल्या. मग इतक्या मोठ्यानं हसल्या, जितक्या मोठ्यानं त्या कधी बोलतही नसत. "अक्का, माझ्या पोरींना मी हेच वर्षानुवर्षं शिकवतेय. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत!"

आई घरी आली ती फुगून. त्या संध्याकाळी तिनं मला पाणी ओतलं, पण कोमट.

तो रविवार मला तारखेनं आठवत नाही, वासानं आठवतो. भरदुपार. वठारातल्या सगळ्या बायका अंगणात सुपं घेऊन शेंगा सोलत होत्या. ऑटोवाला नंजुंडअण्णा दाराशी आपल्या ऑटोत पाय बाहेर काढून घोरत होता. वहिनी मागं कपडे वाळत घालत होती. आणि तिथून किंकाळी आली.

"कळ! अगं बाई, कळ! कळ आली!"

आता आम्ही बंगळूरचे मराठी लोक घरात 'दुखतंय' म्हणतो, फार तर कन्नड शब्द वापरतो. 'कळ' हा शब्द वहिनी साताऱ्याहून घेऊन आली. आणि कन्नडमध्ये चोराला म्हणतात कळ्ळ.

अंगण उठलं. "कळ्ळ! कळ्ळ!" समोरची बाई सूप घेऊन धावली, शेंगा चौफेर. कुणी लाटणं घेतलं, कुणी केरसुणी. नंजुंडअण्णा ऑटोतून लोखंडी पाना घेऊन उतरला, डोळे अजून मिटलेले. "एल्लि कळ्ळ? हिडीरि, हिडीरि!" कुठाय चोर, धरा, धरा! दोन पोरं गच्चीवर चढली. मागच्या अंगणात पोटाला धरून एकटी वहिनी, आणि तिच्याभोवती लाटणी उगारलेली अर्धा डझन माणसं. ती बिचारी मराठीत म्हणतेय, "मी काय केलं?"

आई मध्ये पडली. जन्म बंगळुरात गेलेली बाई, कन्नड पाण्यासारखं. पण त्या गडबडीत शब्दच सापडेना. कन्नडमध्ये बाळंतपणाच्या कळांना 'बेने' म्हणतात. आईच्या तोंडून निघालं, "कळ्ळ नाही हो! बेण्णे! बेण्णे बंतु!"

बेण्णे म्हणजे लोणी. लोणी आलं!

सगळे थिजले. चोर, आणि लोणी. बेण्णे कळ्ळ म्हणजे लोणीचोर, साक्षात कृष्ण. कोपऱ्यातल्या लक्ष्मम्मज्जींनी हातातली केरसुणी खाली टाकून दोन्ही हात जोडले. "कृष्ण आला? कुठं, कुठं?"

मी पदवीधर, मी शांत राहायला हवं होतं. मी हसत सुटले. वहिनीनं माझं मनगट आवळलं तेव्हा थांबले. "बेने!" मी ओरडले. "हेरिगे बेने! अण्णा, गाडी काढा!" नंजुंडअण्णाचे डोळे तेव्हा कुठं उघडले. एरवी त्याला जयनगरला यायला विनवण्या कराव्या लागायच्या. त्या दिवशी तो म्हणाला, "एवढी माणसं जमलीच आहेत तर धक्का मारा!" आणि सगळ्या वठारानं लाटण्यांसकट ऑटोला धक्का मारला. पाना आमच्या पायाशीच राहिला. रस्त्याच्या दोन्ही कडांना अवरेचे ढीग होते, ऑटो त्यांच्यामधून वाकडातिकडा पळत होता. आई एका हातानं सुनेला धरून दुसऱ्या हातानं देवाला नमस्कार करत होती. कुठल्या देवाला ते तिलाही ठाऊक नसावं.

पायरीवर आई आपण होऊन नळाकडं वळली. 

दुपार कलली, उन्हं खिडकीतून भिंतीवर गेली. वहिनी माझ्या खांद्यावर हात टाकून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. शांतम्मा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, "निधान, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. वहिनी दोन येरझाऱ्या ऐकत राहिली आणि मग घामाघूम होऊन भडकली. "निदान काय? निदान काय ते पुढं बोला की बाई! निदान पोरगं जगंल का ते तरी सांगा!"

मी ते शांतम्मांना सांगितलं, पण शेवटचं वाक्य सोडून. कारण त्या घरात त्या घडीला आम्हा सगळ्यांच्या मनात तेवढाच एक प्रश्न होता.

दिवस मावळायला आला तसा आईचा धीर सुटला. "करा की काहीतरी! सुई द्या, ओढा, काहीही करा!" शांतम्मांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "अवरे इन्नू नेनेदिल्ल, अक्का." अवरे अजून भिजली नाहीये. आई उठली. वहिनीच्या डोक्याशी जाऊन बसली आणि तिच्या केसांतून बोटं फिरवू लागली, बोटांना दुपारच्या शेंगांचा वास तसाच होता.

घरोघरी दिवे लागत होते तेव्हा मुलगी झाली. आपण होऊन. शांतम्मांनी फक्त हात पुढं धरले होते.

आणि ती रडली नाही.

मला त्या खोलीतली प्रत्येक वस्तू अजून दिसते. चुलीजवळच्या दोरीवर गरम केलेले टॉवेल. दिव्याची पिवळी काच. शांतम्मांचे हात, जे घाई करत नव्हते पण क्षणभरही थांबत नव्हते. पुसलं. टॉवेल बदलला. पाठीच्या कण्यावरून वर-खाली चोळलं. इवल्याशा तोंडावर रबरी पिशवीचं झाकण ठेवून, पिशवी दाबून एक फुंकर, दुसरी, तिसरी. आईनं माझ्या हातात नखं रुतवली होती, कापलेली, स्वच्छ नखं.  वहिनीनं डोळे मिटून घेतले होते.

मग मांजरानं कूस बदलावी तसा आवाज आला. मग एक शिंक. आणि मग जे रडणं सुरू झालं ते थेट वठारात ऐकू गेलं असतं! शांतम्मांनी तिला उचलून तशीच उघडी वहिनीच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून दोघींवर गरम टॉवेल आणि घोंगडी. वहिनी आता रडत होती, हसत होती, दोन्ही एकदम, आणि म्हणत होती, "गरम आहे. वन्सं, बघा, गरम आहे."

आई सवयीनं म्हणाली, "पाणी तापवते, न्हाऊ घालूया." शांतम्मा म्हणाल्या, आज नाही. उद्याही नाही. आईची ऊब हीच तिची आंघोळ. आणि चीक टाकायचा नाही, पहिला थेंब तिलाच. आईनं तापवायला काढलेलं पातेलं परत ठेवलं. खूप वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गाईचा चीक आणून जन्मभर खरवस खाल्ला गं आपण. गल्लीभर वाटला. आणि बाईचा तेवढा फेकून दिला." एवढंच.  त्या नातवाला तिनं पाहिलंही नव्हतं.

तिसरा दिवस यायचाच होता. त्या दिवशी वहिनी पहाटेपासून बाळाच्या तळव्यांना हात लावून बसली होती. आई मिरी-लसणाचं सारू आणि गरम भात घेऊन आली. पायरी, नळ, कोपर, नखं. मुलगी मांडीवर घेतली. मुलीनं आजीकडं नीट पाहून घेतलं आणि नव्या लुगड्यावर शू केली. भरपूर केली.

मी आणि वहिनी बघत होतो. विटाळाच्या नावानं रोज मला गार पाण्याखाली उभी करणारी ही बाई. ती तशीच बसून राहिली. लुगडं वाळेपर्यंत. "ऊन ऊन आहे गं," वहिनीकडं बघून म्हणाली. "चांगली ऊन ऊन आहे." वहिनीनं तेव्हा कुठं तळव्यांवरचा हात काढला आणि दोन वाट्या सारू प्याली.

नाव वहिनीनंच ठेवलं, कळी. वठारानं मात्र केव्हाच कळ्ळी ठेवलं होतं, म्हणजे चोरटी. नंजुंडअण्णा सगळ्यांना सांगत सुटला होता की चोर धरायला गेलो आणि चोरटी गाडीत घालून पोचवली. दिवसभर ते इतकं कानावर होतं की बाळंतघराच्या वहीत मी, बी.कॉम., सेकंड क्लास, माझ्या वळणदार कन्नड अक्षरात 'कळ्ळी' असंच लिहून बसले. पुढं शाळेत घालायच्या वेळी दादाला ते निस्तरावं लागलं. अजून ऐकवतो.

बाळ घरी आलं त्या दिवशी वठार बघायला लोटलं. आई दारात तांब्या घेऊन उभी. मी सवयीनं डोकं पुढं केलं. "तू हो बाजूला," ती म्हणाली. "रांग लावा! कै तोळकोळ्ळि! कोपरापर्यंत!" आणि आठ घरांची माणसं नळापासून दारापर्यंत रांगेत, बाह्या वर, हात हवेत. लक्ष्मम्मज्जींची नखं दोनदा नापास झाली. नंजुंडअण्णाचं ग्रीस काही निघेना, तर आईनं त्याला परत पाठवलं. तो म्हणाला, "अक्का, पोलीस बरे!" त्यानंतर त्या वठारात जितकी बाळं झाली, तितक्या वेळा ती रांग लागली. मला पुन्हा कधी आंघोळ घातली नाही तिनं. 

शांतम्मा आता नाहीत. आईही नाही. कौलांच्या घराच्या जागी चार मजले उभे आहेत आणि खाली मोबाइलचं दुकान आहे. परवा तिथून जाताना मी उगीचच पायरीपाशी नळ शोधला. त्या घरातून शिकून गेलेल्या पोरी मात्र कुठं कुठं आहेत. कळीचं बाळंतपण केलं ती त्यांच्यातल्याच एकीची शिष्या आहे. "निधान, निधान" म्हणत होती, असं कळीनं सांगितलं. कळीला कन्नड येतं, त्यामुळं ती भडकली नाही.

अवरेची पिशवी घेऊन मी तिच्या दाराशी पोचले. मुलगा आहे. म्हणजे लक्ष्मम्मज्जींचा लोणीचोर अखेर आला म्हणायचा. वहिनीनं दार उघडलं. तिचे केस पिकलेत, कन्नड अजून स्वल्पच आहे. आतून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं आणि मी पिशवी खाली टाकून सरळ खोलीकडं धावले.

"आत्या!" कळी पलंगावरूनच कडाडली. "आधी हात!"

मी थांबले. मोरीत गेले. कोपरापर्यंत धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. परत येऊन दोन्ही हात तिच्यापुढं धरले. तिनं एकेक बोट उलटवून पाहिलं, आणि मग वाकून वास घेतला.

"सोगडु गेला नाही," ती म्हणाली.

"तो जात नाही गं."

"असू दे," म्हणाली, आणि तो गरम गरम जीव माझ्या हातांत दिला.